शंभरावी खुर्ची

आनंदा,

तुझ्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज शालन वहिनींनी माझ्याकडे तपासायला पाठवला, तेव्हा त्यात तुझ्या नावापुढे व्यवसाय ‘शेती’ असा लिहिलेला होता. मी तो खोडला आणि ‘सोने-चांदी गलाई’ असे लिहिले. खाडाखोडीवर अर्जदाराची सही लागते, म्हणून तोच कागद घेऊन तुझ्या घरी गेलो. तुला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. दारात माणसे बसली होती. मी आत जाऊन वहिनींपुढे कागद धरला आणि म्हणालो, “इथे सही करा.” त्यांनी केली. त्या दिवसाचे मला एवढेच नीट आठवते. रडू आले नाही. आजही आलेले नाही.

गाव मला संतापी म्हणून ओळखते आणि त्यात गावाची चूक नाही. साताऱ्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून नोकरीचा सगळा काळ घालवून मी इकडे आटपाडीच्या माळावर परतलो, तो एक टेबल, एक टंकलेखन यंत्र आणि पुरेसा राग घेऊन. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत मी पत्रे लिहिली. प्रत्येकाची पोच माझ्याकडे आहे. तू त्या पोचांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणायचास, “कोर्टा, तुझ्याकडं पावत्या लय हायत रं, माल कुठं हाय?” गेल्या आठ दिवसांत मला कोणाचाही राग आलेला नाही. हे तुला कळते तर तू आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास.

मला ‘कोर्ट’ म्हणणारा तू एकटाच. आता ते नाव कोणाच्या तोंडी नाही, आणि असावे अशी अपेक्षा मी कोणत्या अर्जात लिहू?

तुझी तमिळनाडूतली गोष्ट मी तुझ्याकडून किती वेळा ऐकली याची गणती नाही. तिकडे एका लहान शहरात तुझे गलाईचे दुकान होते. एक भट्टी, एक भाता, तेजाबाच्या बरण्या आणि बसायला एक स्टूल. जुने दागिने वितळवून शुद्ध धातू वेगळा काढायचा, हे आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी परमुलखात केलेले काम. एके वर्षी बाहेरच्यांविरुद्ध हवा तापली. चौकीतला एक जमादार येऊन सांगून गेला की आठवड्यात दुकान आवर आणि आपल्या मुलखात जा. तुझ्या शेजारच्या गल्लीत एक म्हातारे वकील राहत होते. त्यांनी तुला सांगितले की या देशाच्या राज्यघटनेत एकोणीस नंबरचे कलम आहे आणि त्यात तू बसतोस.

इथे मी तुला दर वेळी अडवत असे. “एकोणीस नुसते म्हणू नकोस. एकोणीस, खंड एक. देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क उपखंड ‘ङ’ मध्ये आहे. धंद्याचा ‘छ’ मध्ये. तुझ्या प्रकरणात दोन्ही लागू होत होते.”

“व्हय व्हय. दोन्ही लागू,” असे म्हणून तू पुढे जायचास. पण मी अडवल्यामुळे तुझी लय तुटायची आणि गोष्टीचा उरलेला भाग तू दोन वाक्यांत उरकून टाकायचास. तो उरलेला भाग असा होता: ते वकील दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र घेऊन तुझ्या दुकानात आले आणि भट्टीशेजारच्या स्टुलावर बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. आठवडाभर बसले. जमादार दोनदा येऊन त्यांना नमस्कार करून परत गेला. मग आलाच नाही.

“कलम त्येनी सांगितलं, ते बरुबरच,” तू म्हणायचास. “पर दुकान वाचलं ते त्येंच्या बसण्यानं.”

मी हे वाक्य भाबडे मानत होतो. माझे म्हणणे असे, की घटना ही सरकारला घातलेली मर्यादा आहे. सरकार नावाचे जनावर बलदंड असते, म्हणून त्याला कुठवर जाता येईल हे लिहून ठेवलेले असते, आणि ते रेघ ओलांडते तेव्हा नागरिकाने ती रेघ दाखवून लेखी हरकत घ्यायची असते. त्यासाठी न्यायालये आहेत. हक्क माणसाच्या हजेरीवर अवलंबून असेल तर तो हक्कच नव्हे. आजारी, म्हातारा, घाबरलेला माणूस घरी झोपला तरी त्याचा हक्क जागा राहिला पाहिजे. आजही मी हे म्हणणे मागे घेत नाही. तूही तुझे घेतले नाहीस. आपला वाद तिथेच थांबलेला आहे, आणि आता त्यावर तारीख पडणार नाही.

आपल्या गावच्या ग्रामसभेची रीत तुझ्यामाझ्या पिढीनेच पाडली. सभा भरली असे कायद्याने मानण्यासाठी आपल्या गावात शंभर मतदार हजर लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला शंभरांची अट राहत नाही. चार माणसांतही ती चालते. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे सगळे पंचायतीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे. आत ग्रामसेवक घड्याळाकडे बघायचा. बाहेर कोणीतरी विचारायचे, “झाली का रं तहकूब?” झाली असे कळले की पाच-सहा जण चहा संपवून आत जायचे आणि गावाचे निर्णय घेऊन बाहेर यायचे.

तमिळनाडूतून परत आल्यापासून तू एकटा असा होतास, की जो पहिल्या वेळेला आत जाऊन बसायचा. दहा म्हणजे दहाला. मी एकदा तुला म्हणालो, की एकट्याने बसून काय साधतोस? तू म्हणालास, “दिल्लीत आपल्या वतीनं कोणतरी बसतंय. मुंबईत बी बसतंय. हितं कुणाला पाठवू? हितं आपुनच सभागृह हाय न्हवं?” घटनेचा भाग नऊ मी तुला वाचून दाखवला होता, पंचायतींचा. तुला त्यातले एवढेच लक्षात राहिले. मला सगळी कलमे लक्षात राहिली, आणि हे राहिले नाही.

मग गायरानाचा विषय आला. आपल्या मेंढ्यांचे आणि तुझ्या शेळ्यांचे ते कुरण. त्याच्या पलीकडच्या अंगाला तुझे घर. तिथे खडी क्रशर बसवायचा, त्यासाठी पाच वर्षांची परवानगी द्यायची आणि ग्रामसभेने ना-हरकत ठराव करायचा, असा विषय दोन ऑक्टोबरच्या सभेपुढे ठेवला गेला.

तू वहिनींकडून पितळेची वाटी मागून घेतलीस, तांदळाला कुंकू लावलेस आणि लग्नाची अक्षत द्यावी तशी घरोघर अक्षत देत फिरलास. गाव हसले. पण अक्षत हातावर पडली की नाही म्हणायचे नसते, हे तुला गावापेक्षा चांगले ठाऊक होते. माझ्या दारी आलास तेव्हा मी टेबलाशी होतो.

“कोर्टा, हात फुडं कर.”

“लग्न कोणाचे?”

“गायरानाचं. न्हवरा पसंत न्हाई, त्येवढं सांगाय समद्यास्नी बोलावतोय. धा वाजता. साळंच्या पटांगणात.”

मी हात पुढे केला नाही. “नोटीस पाहिलीस? सात पूर्ण दिवसांची लागते. लावल्याचा दिवस धरत नाहीत, सभेचा धरत नाहीत. सहाच भरतात. ही सभा मुळातच सदोष आहे.”

“मंग?”

“मग मी तिथे जाऊन बसलो तर ती नोटीस मला मान्य आहे असा अर्थ होतो. माझा आक्षेप पडतो. मी लेखी हरकत देतो.”

“लेखी.”

“तीन प्रतींत.”

तू वाटीतले तांदूळ बोटाने सारखे केलेस. “आरं गड्या, तुझा कागद काय खुर्चीवर बसवू व्हय?”

“इतिवृत्तात त्याची नोंद होईल एवढे बघ,” मी म्हणालो आणि पाकीट तुझ्या हातात दिले.

सभेच्या सकाळी मी घरी होतो. माझे घर शाळेपासून दोनशे पावलांवर आहे. मांडववाल्याकडून तू शंभर खुर्च्या आणून मांडल्या होत्यास, मोजून शंभर, हे मला नंतर कळले. गावाने इतकी माणसे सभेला कधी पाहिली नव्हती. जे आले नाहीत त्यांतले कोणी क्रशरवाल्याच्या बाजूचे, कोणी परगावी, कोणी अंथरुणावर. साडेदहाच्या सुमारास पंचायतीच्या शिपायाचा आवाज कर्ण्यातून आला: “एक माणूस कमी हाय. घरात कोण असंल तर पटांगणावर यावं. एकच माणूस कमी हाय.”

तो तीनदा बोलला. मी तिन्ही वेळा ऐकले. दुसऱ्या वेळेला खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेलो, चपलेत एक पाय घातला आणि विचार केला, की आता गेलो तर पुढच्या अपिलात हरकत टिकणार नाही. पाय काढून घेतला.

तिकडे तू माझे पाकीट शंभराव्या खुर्चीवर ठेवलेस. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवलास. ग्रामसेवकाला म्हणालास, “ह्यो शंभरावा.” लोक हसले. ग्रामसेवक तरुण होता आणि त्याचे बरोबर होते, तो म्हणाला, “काका, कागदाची हजेरी धरता येत नाही.” सभा तहकूब झाली. पुढची तारीख मंगळवारची, अकरा वाजताची पडली.

दुपारी तू पाकीट मला परत आणून दिलेस. “घे तुझा माणूस. लय शांत बसला हुता.”

त्यात टोमणा होता की नाही, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. तू हसत होतास. मीही हसलो.

मंगळवारसाठी तू पुन्हा घरोघर गेलास. लोकांनी तुला दारातच सांगितले, की एका लग्नाची अक्षत एकदाच देत्यात, आनंदा. डाळिंबाच्या बागा तोडणीला आल्या होत्या. कामाच्या दिवशी अकराला कोण येणार? मंगळवारी सव्वीस माणसे बसली. पंधरा विरुद्ध अकराने ठराव मंजूर झाला. मी त्या वेळी सांगलीला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात उभा होतो, हरकतीच्या तिसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेत. चार महिन्यांनी उत्तर आले, की नोटिशीतील त्रुटी तांत्रिक स्वरूपाची असल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. ते पत्र माझ्याजवळ आहे.

त्यानंतरच्या वर्षांत तुझ्या अंगणातल्या तुळशीचा क्रशरच्या धुळीने करडा झालेला रंग मी पाहिला आहे. पाण्याच्या घागरीवर वहिनी दोन पदरी फडके बांधत होत्या. तुझा खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला कळते. तू वर्षानुवर्षे तेजाबाच्या वाफेत काम केले होतेस. बिडी तू तमिळनाडूतही सोडली नाहीस. डॉक्टरांनी क्रशरचे नाव घेतले नाही आणि कोणत्याही न्यायालयात मला ते घेता येणार नाही. मी हे सगळे माझ्याविरुद्ध लढवून पाहिले आहे. दर वेळी पुराव्याअभावी मी सुटतो. सुटल्यावर मला काहीच वाटत नाही.

माझी पत्नी गेली तेव्हा तू महिनाभर रोज सकाळी दहाला माझ्या ओट्यावर येऊन बसत होतास. बोलायचा नाहीस. एकदा मी चिडून विचारले, की तुला काही काम नाही का? तू म्हणालास, “हेच करतुया.” या एका महिन्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी रीत नव्हती. आता मानतो, लेखी, कारण मला दुसरे काही येत नाही.

सांगलीच्या इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तू नाकावरची नळी बाजूला करून मला जवळ बोलावलेस. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या.

“कोर्टा, त्या दिशी नोटीस खरंच एक दिसानं कमी हुती का रं?”

“होय,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की. सहाच दिवस भरत होते.”

“मंग बरुबर हाय तुझं.” आणि तू डोळे मिटलेस.

मला म्हणायचे होते, की मी यायला हवे होते. चार शब्द. वहिनी औषध घेऊन वर येईपर्यंत मला ते जुळवता आले नाहीत. मी बरोबर होतो, आनंदा. मी चुकलो असतो तर तुझी क्षमा मागणे सोपे गेले असते.

अग्नी दिल्यावर स्मशानात नेहमीप्रमाणे माणसे ओळीने बसली. चार जण तुझ्याविषयी बोलले. मी सवयीने डोकी मोजत होतो. एकशे अठ्ठेचाळीस भरली. मग मला बोलायला सांगितले. मी उभा राहिलो, आणि माझ्या मनात एवढेच आले, की गणपूर्ती झालेली आहे, आता कामकाज सुरू करता येईल. मी नमस्कार करून खाली बसलो. लोकांना वाटले, दुःखाने कंठ दाटला असावा.

क्रशरची मुदत आता संपते आहे. ती वाढवून देण्याचा विषय परवाच्या ग्रामसभेपुढे आहे. वहिनींना हे कोणीतरी सांगितले असणार, कारण काल त्यांनी मला बोलावून घेतले. पितळेची वाटी घासून पदराखाली ठेवली होती.

“आमच्या घरात सुतक हाय,” त्या म्हणाल्या. “आमच्या हातनं अक्षत द्याय चालत न्हाई. तुमच्या घरात न्हाई.”

“वहिनी, मला ते जमणार नाही. लोक हसतील.”

“त्येंना बी हसलीच की.”

मी वाटी घेतली. काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत त्रेपन्न घरे केली. पहिल्याच दारात मला ऐकावे लागले, “आवं आण्णा, तुमी? वाट चुकला जणू. पत्र पाठवायचं सोडून?” दुसऱ्या दारात एका म्हातारीने विचारले, लग्न कोणाचे. मला तुझे उत्तर आठवत होते; तेच दिले. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “मागल्या बारीला आनंदा आला हुता. मी गेल्ते. बसल्ते पार उनात.” मी खाली बघत तांदूळ तिच्या हातावर ठेवले. एका घरात तर कोणी काही विचारलेच नाही. घरच्या माणसाने वाटी पाहिली, मला पाहिले, आतून दोन खुर्च्या आणून ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, “परवा ह्या बी न्या. कमी पडायला नगं.”

तू अक्षत देताना काय बोलायचास, किती वेळ थांबायचास, नाही म्हणणाऱ्याला काय सांगायचास, हे मी तुला कधी विचारले नाही. मी माझ्या पद्धतीने दिली. आवाज बहुधा कोरडा होता. लोकांनी हात पुढे केले.

येताना चावडीपाशी नोटीस चिकटवलेली दिसली. मी तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले, लावल्याचा सोडून, सभेचा सोडून. पुन्हा मोजले. या वेळीही एक दिवस कमी आहे.

घरी येऊन टेबलाशी बसलो. समोर हरकतीसाठी कोरा कागद होता. पेनाचे टोपण काढले. मग टोपण लावले, वाटीत अजून किती तांदूळ आहेत ते पाहिले, आणि तुझ्या घराकडची आळी राहिली होती, ती करायला निघालो.